गाठ मारायची नाही

पहिल्याच दिवशी इराबत्तींनी विचारलं,
"कितीचा काउंट?"
मुजावर मॅडमनी कागद चाळले.
व्यास होता, भिंतीची जाडी होती,
एका चौकटीत किती हजार धागे, तेही होतं.
काउंट नव्हता.

मग त्यांनी नमुन्याचा धागा चिमटीत घेतला.
एक टोक बंद. मधला भाग माझ्या बादलीत.
उघडं टोक ओठांत धरून फुंकर मारली.
चाळीस वर्षं हेच ओठ
धोट्याच्या भोकातून सूत आत ओढत होते,
सुताबरोबर धूळ, धुळीबरोबर खोकला.
आज पहिल्यांदा बाहेर.
"बुडबुडा कुठाय बे?" मला म्हणाले.
"नाहीच येणार," मॅडम म्हणाल्या,
"हवा भिंतीतून जाते. न सांगता."

जुन्या टाकीत ब्लोअर रात्रभर बोंबलायचा.
पाणी खदखदायचं, लग्नाचा भात शिजावा तसं,
आणि बुडबुडे वर येऊन फुटायचे
पोटातली हवा जवळजवळ तशीच परत घेऊन.
वीजबिल तेवढं मागं राहायचं.

आता चौकटी उतरल्यात. पंखा पुटपुटतो.
शहरात नळ चार दिवसांनी येतो,
इथं मात्र पाणी रोज येतं, न चुकता:
धुणं, आंघोळ, मोरी, मुतारी,
टॉवेलवाल्यांचा चुकार गुलाबी.
उभ्या धाग्यांतून ते हळू सरकतं,
ताण्यातून बाणा जावा तसं,
पण कापड होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात धाग्यांवर काहीतरी धरलं.
तपकिरी, बुळबुळीत, नखाएवढंही जाड नाही.
इराबत्तींनी बोटांत चोळलं.
"खळ बसली," म्हणाले.
मी काचेखाली पाहिलं.
खळ नव्हती, वस्ती होती.
धाग्याला बिलगून बसलेले आतून श्वास घेतात,
अमोनियाचं नायट्रेट करतात.
त्यांच्या पाठीवर बसलेल्यांपर्यंत
हवा पोचतच नाही.
ते नायट्रेट फोडून त्यातला प्राणवायू घेतात
आणि उरलेला वायू आकाशाला देऊन टाकतात, फुकट.
अन्न बाहेरून, श्वास आतून.
असं उलटं घर मी पाहिलं नव्हतं.
नोंदवहीत आकड्याशेजारी हे लिहिलं,
मग खोडलं.

गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात
चौकट धुताना एक धागा तुटला.
रात्रपाळी. मॅडम घरी.
इराबत्तींच्या हातांनी तेच केलं
जे हात झोपेतही करतात:
दोन टोकं, एक वेढा, अंगठ्याला थुंकी.
विणकराची गाठ,
इतकी बारीक की मला बोटानं शोधावी लागली.
"दारम तुटलं की जोडायचं," म्हणाले,
"दुसरं काय येतंय आपल्याला?"

एप्रिलमध्ये चौकट वर काढली तेव्हा गाठ सापडली.
मॅडम रागावल्या नाहीत. समजावून सांगितलं:
धागा पोकळ आहे, गाठीपुढं हवा जात नाही,
तुटला की दोन्ही बाजूंनी बुजवायचा
आणि सोडून द्यायचा.
"बाकीचे आहेत ना, काका."
इराबत्ती गप्प झाले.
माग बंद झाले त्या दिवशी मालकानंही
हेच सांगितलं होतं, हे ते नंतर चहावर बोलले,
आणि लगेच शेंगाचटणीच्या भावाकडं वळले.

पण ते नंतर. तेव्हा तर
ते चष्मा कपाळावर सरकवून
धागा उन्हात धरून बसले होते.
गाठीपर्यंत तपकिरी थर.
गाठीच्या पलीकडं, जिथं तीन महिने
वाऱ्याची झुळूकही पोचली नव्हती,
तिथं काळसर, पातळ, ओला.
"इकडंही आहेत की," म्हणाले.

मॅडमनी धागा हातात घेतला.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"आहेत," म्हणाल्या. "दुसरे."